तुटलेली जोडणी आणि शाखेचा दूरध्वनी : क्लाउड दूरध्वनीतील पर्यायी व्यवस्थेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

कार्यालयातील दूरध्वनी हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाला वाटत नाही. तो टेबलावर असतो, वाजतो, उचलला जातो. त्याच्याकडे लक्ष जाते ते तो बंद पडल्यावरच. २५ जानेवारी २०२३ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या जागतिक जाळ्यात बिघाड झाला आणि टीम्स, आउटलुक यांसारख्या सेवा अनेक देशांत एकाच वेळी विस्कळीत झाल्या. युरोपात तेव्हा सकाळ होत होती, अमेरिकेत रात्र होती; भारतात मात्र कामाची ऐन वेळ होती. एका राउटरचा पत्ता बदलण्याचे नियोजित काम चालू असताना दिलेल्या आज्ञेचा परिणाम असा झाला, की जाळ्यातील इतर राउटरांनाही आपापल्या वाटांची फेरमांडणी करावी लागली. बहुतेक सेवा दुपारीच सावरल्या, तरी पूर्ण स्थैर्य येण्यास संध्याकाळ झाली. ज्या कार्यालयांनी आपला दूरध्वनीही याच सेवेवर नेला होता, त्यांच्या टेबलावरचा फोन, इमारतीतील तारा आणि शेजारच्या खोलीतील सहकारी हे सर्व जागच्या जागी होते. परंतु एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची शाश्वती उरली नव्हती.

अशा प्रसंगी शाखा कार्यालयाचा दूरध्वनी चालू ठेवण्यासाठी जी पर्यायी व्यवस्था योजली जाते, तिची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. या विषयावरील लेखन बहुतांशी उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत आढळते. त्यात जोडणीच्या आकृत्या आणि आज्ञावली असतात. मात्र व्यवस्थेमागील गृहीतकांचा विचार अभावानेच असतो. तग धरणे म्हणजे नेमके काय, कोणी आणि कशासाठी तग धरायचा, आणि तग धरला की नाही हे कोणत्या निकषावर ठरवायचे, हे प्रश्न तांत्रिक दिसत असले तरी केवळ तांत्रिक नाहीत. या व्यवस्थेने शाखेला काही काळ स्वतःच्या पायावर उभे राहण्याची मुभा दिली, हे तिचे मोठेपण होय. आणि ही मुभा केवळ यंत्राला दिली, माणसाला दिली नाही, ही तिची उणीव होय. पुढील विवेचन याच मुद्द्याभोवती आहे.

पार्श्वभूमी : शाखेकडून केंद्राकडे

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ मध्ये. पुढे दीर्घकाळ दूरध्वनीची रचना मूलतः एकच राहिली. ग्राहकाकडून तांब्याच्या तारांची एक जोडी केंद्रापर्यंत जाई आणि त्याच तारांतून केंद्रातील बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह ग्राहकाच्या यंत्राला मिळे. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी फोन चालू राही. मोठ्या कार्यालयांत याला ईपीएबीएक्सची जोड मिळाली. अंतर्गत क्रमांक देणारी ही पेटी प्रत्येक शाखेत स्वतंत्र असे. जळगावच्या शाखेतील पेटी बिघडली तर जळगाव मुके होई; पुण्याला त्याचा पत्ताही लागत नसे. दुसरीकडे, प्रत्येक शाखेत पेटी, तिची देखभाल आणि तिच्यासाठी तंत्रज्ञ ठेवणे खर्चाचे होते.

१९९८ मध्ये सिस्को कंपनीने सेल्सियस ही कंपनी विकत घेतली आणि संगणकीय जाळ्यावरून चालणारा दूरध्वनी कार्यालयांत रुळू लागला. या पद्धतीत शाखेतील पेटीची गरज उरत नाही. मुख्यालयातील एक संगणक सर्व शाखांतील फोनची नोंद ठेवतो, कोणाचा फोन कोणाला जोडायचा हे ठरवतो आणि शाखेतील यंत्रे केवळ त्याच्या आज्ञा पाळतात. क्लाउड दूरध्वनी ही याच विचाराची पुढची पायरी होय. आता तो संगणक मुख्यालयातही नसतो; सेवा देणाऱ्या कंपनीच्या दूरच्या माहितीकेंद्रात असतो. देखभालीचा भार संपतो, नव्या कर्मचाऱ्याला क्रमांक काही मिनिटांत मिळतो, घरून काम करणाऱ्यालाही कार्यालयाचाच क्रमांक वापरता येतो. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट नकळत घडली. दोन शेजारच्या टेबलांमधील संभाषणाची परवानगीही शेकडो किलोमीटर दूरवरून येऊ लागली. आवाज अनेकदा शाखेतल्या शाखेतच फिरतो. पण घंटी वाजवायची की नाही याचा निर्णय बाहेर होतो. वाट बंद झाली की निर्णय येत नाही आणि निर्णय आला नाही की सुस्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते. पूर्वी बिघाड लहान पण वारंवार होत असत. आता ते क्वचित पण व्यापक होतात. पर्यायी व्यवस्थेची निकड येथून निर्माण झाली.

पर्यायी व्यवस्थेचे स्वरूप

या व्यवस्थेचे मूळ रूप २००० च्या दशकाच्या आरंभी सिस्कोच्या एसआरएसटी या सुविधेत दिसते. शाखेला इंटरनेटशी जोडणारा राउटर तेथे असतोच. त्याच राउटरला अडचणीच्या काळापुरते छोटे दूरध्वनी केंद्र होण्याचे काम द्यावे, अशी ही कल्पना आहे. फोन ठरावीक अंतराने केंद्राकडे ‘मी येथे आहे’ अशा अर्थाचा संदेश पाठवत राहतो. रूढ मांडणीत हा संदेश दर ३० सेकंदांनी जातो. लागोपाठ तीन संदेश निरुत्तर राहिले की फोन केंद्राचा नाद सोडून स्थानिक राउटरकडे नोंदणी करतो. राउटरला स्थानिक दूरध्वनी लाइन जोडलेली असल्याने शाखेतील अंतर्गत फोन आणि बाहेरचे फोन असे दोन्ही चालू राहतात. केंद्र पुन्हा दिसू लागले तरी फोन लगेच परत जात नाही. जोडणी १२० सेकंद स्थिर राहिल्याची खात्री झाल्यावरच तो केंद्राकडे वळतो. अस्थिर वाटेवर फोनने सतत इकडून तिकडे धावू नये, हा या विलंबामागील हेतू आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१० च्या लिंक सर्व्हरसोबत शाखेसाठी असेच उपकरण आणले आणि पुढे टीम्ससाठीही ते उपलब्ध केले. येथे मायक्रोसॉफ्ट आपला संगणकीय भाग शाखेच्या सीमेवरील एसबीसी हे उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांना देते. अडचणीच्या वेळी कोणत्या उपकरणाकडे जायचे, हे टीम्सला जोडणी चालू असतानाच सांगून ठेवलेले असते. सिस्कोच्या वेबेक्स कॉलिंगमध्ये शाखेतील राउटर क्लाउडवरून त्या शाखेच्या फोनची माहिती दररोज उतरवून घेतो आणि जोडणी तुटल्यावर त्या माहितीच्या आधारे फोन सांभाळतो.

तपशील निरनिराळे असले तरी या तिन्ही रचनांचे सूत्र एकच आहे. नेहमीची सत्ता केंद्राकडे, अडचणीच्या काळातील मर्यादित सत्ता शाखेकडे, आणि अडचण सरताच ती पुन्हा केंद्राकडे. सत्तांतर आपोआप होते; वापरणाऱ्याला फोनच्या पडद्यावरील एखाद्या ओळीपलीकडे काही जाणवतही नाही. या रचनेचे श्रेय निःसंशय द्यावयास हवे. हाताशी असलेल्या उपकरणातूनच तिने मार्ग काढला. वेगळ्या खर्चिक केंद्राचा आग्रह धरला नाही. कमी सेवेवर समाधान मानण्याची तिची वृत्तीही शहाणपणाची आहे. सर्व काही टिकवण्याच्या हव्यासात सर्व काही गमावण्यापेक्षा थोडके पण निश्चित टिकवणे श्रेयस्कर, हा विवेक तिच्यात आहे.

गृहीतकांची तपासणी

तथापि, कोणत्याही रचनेचे मूल्यमापन तिच्या गृहीतकांवरून करावे लागते. या व्यवस्थेचे मुख्य गृहीतक असे, की शाखेच्या भिंतींच्या आत सर्व काही सुरळीत आहे आणि केवळ बाहेर जाणारी वाट तुटली आहे. शाखेचे अंतर्गत जाळे चालू, उपकरण चालू, वीज चालू. फक्त इंटरनेट नाही. प्रत्यक्षातील बिघाड या चित्राशी नेहमी जुळत नाहीत. त्यांतील विसंगती पुढील चार मुद्द्यांत मांडता येते.

पहिला मुद्दा अर्धवट बिघाडाचा. तीन संदेशांचा नियम जोडणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ या दोनच अवस्था ओळखतो. प्रत्यक्षात जोडणी पुष्कळदा आजारी असते. २५ जानेवारी २०२३ चा बिघाड सलग नव्हता. तो लाटांसारखा, सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने वाढत आणि ओसरत होता. अशा स्थितीत केंद्राला जाणारा छोटा संदेश कसाबसा पोहोचतो, त्याला उत्तरही मिळते. म्हणून यंत्र समजते, सर्व ठीक आहे. मात्र संभाषणातील शब्द तुटत राहतात किंवा फोन लागतच नाही. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये अशा अवस्थेला ‘करडा बिघाड’ या अर्थाचे नाव दिले. व्यवस्थेला ती निरोगी दिसते आणि वापरणाऱ्याला ती मेलेली वाटते, हे या बिघाडाचे लक्षण होय. पर्यायी व्यवस्था उभी असूनही तिच्याकडे जाण्याचा क्षण उगवत नाही. शाखेतील माणसाला बिघाड स्पष्ट दिसत असतो. पण ‘आता स्थानिक व्यवस्थेवर जा’ असे सांगण्याचा अधिकार आणि साधन त्याच्यापाशी नसते.

दुसरा मुद्दा येणाऱ्या फोनचा. पर्यायी व्यवस्थेचे वर्णन करताना शाखेतून बाहेर फोन करता येतो, यावर भर दिला जातो. परंतु शाखेचा प्रसिद्ध क्रमांक जर क्लाउड कंपनीमार्फत येत असेल, तर बाहेरच्या माणसाने लावलेला फोन आधी क्लाउडमध्येच पोहोचतो आणि तेथून पुढे यायला वाट नसते. शाखा बोलू शकते, पण तिला कोणी हाक मारू शकत नाही. एखाद्या रुग्णालयाच्या उपकेंद्राचा विचार केला तर ही उणीव किती गंभीर आहे, हे लक्षात येते. तेथील परिचारिका बाहेर फोन करू शकेल. मात्र रुग्णाच्या नातेवाइकाने फलकावरचा क्रमांक फिरवला तर त्याला कोणी उत्तर देणार नाही. यावर उपाय आहेत. क्रमांक स्थानिक लाइनवर उतरवता येतो. किंवा शाखेचा फोन नोंदणीत दिसत नसल्यास येणारा फोन अन्य क्रमांकाकडे वळवण्याची सूचना केंद्रात आधीच करून ठेवता येते. परंतु हे उपाय उपकरणाबरोबर आपोआप येत नाहीत; कोणीतरी त्यांचा विचार करावा लागतो. उपकरण बसवले म्हणजे शाखा सुरक्षित झाली, ही समजूत येथे फसवी ठरते.

तिसरा मुद्दा सामाईक मुळाचा. पर्यायी वाट खरोखर वेगळी आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद झाली; आणीबाणीच्या क्रमांकावरील फोन आणि देशभरातील डेबिट कार्डाचे व्यवहारही त्यात सापडले. या घटनेतील सर्वांत बोधप्रद भाग असा, की बिघाड दुरुस्त करणारे कंपनीचे कर्मचारीही आपल्याच कंपनीच्या फोनवर आणि इंटरनेटवर अवलंबून होते. जाळे सांभाळण्याची वाट त्याच जाळ्यातून जात होती. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीच्या बाबतीतही असाच अनुभव आला. सुमारे नव्वद राउटरांनी स्वतःला जाळ्यापासून अलग करून घेतले, आणि अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन ते पूर्ववत करावे लागले. त्या दिवशी २,१४५ जणांना आणीबाणीच्या क्रमांकाशी संपर्क साधता आला नाही. या घटना शाखेच्या उपकरणाशी थेट संबंधित नाहीत. परंतु त्या एक नियम शिकवतात. इंटरनेटची जोडणी आणि पर्यायी दूरध्वनी लाइन एकाच कंपनीची, एकाच खंदकातून आणि एकाच पेटीतून येत असेल, तर रस्ता खणणाऱ्या यंत्राच्या एका फटक्यात दोन्ही जातात. कागदावर दोन वाटा असतात, जमिनीखाली एकच.

चौथा मुद्दा विजेचा. जुन्या फोनला केंद्रातून वीज मिळे. नव्या फोनला ती शाखेतील स्विचमधून मिळते. म्हणजे स्विच, राउटर आणि सीमेवरचे उपकरण या तिन्हींना यूपीएसचा आधार असल्याखेरीज पर्यायी व्यवस्थेला अर्थ नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि काही भागांत वीज येण्यास कित्येक तास लागले. यूपीएस बहुधा संगणक व्यवस्थित बंद करण्यापुरते, म्हणजे काही मिनिटांच्या हिशेबाने घेतलेले असते. जुन्या व्यवस्थेत जी गोष्ट न मागता मिळत होती, ती नव्या व्यवस्थेत स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते. आणि जी विकत घ्यावी लागते, ती अंदाजपत्रकात प्रथम कापली जाते.

किमान सेवा म्हणजे काय?

माहितीपुस्तिकांत पर्यायी व्यवस्थेला ‘मूलभूत सेवा’ असे म्हटलेले असते. अंतर्गत फोन, बाहेरचे फोन, फोन थांबवून ठेवणे, दुसऱ्याकडे वळवणे इत्यादी गोष्टी मूलभूत. व्हॉइसमेल, मोठ्या परिषदा, अहवाल इत्यादी गोष्टी वरच्या. ही विभागणी यंत्राला काय सोपे आहे यावरून झालेली दिसते, शाखेला काय आवश्यक आहे यावरून नव्हे. सहकारी बँकेच्या शाखेला, महाविद्यालयाच्या वसतिगृहाला आणि औषधांच्या गोदामाला एकच ‘किमान’ कसे लागू होईल? वसतिगृहात रात्री अधीक्षकांचा फोन वाजणे हीच किमान सेवा. गोदामात शीतगृहाच्या तंत्रज्ञापर्यंत निरोप पोहोचणे ही. किमान काय, हे ठरवणे हा मूल्यनिर्णय आहे आणि तो शाखेत काम करणाऱ्यांना विचारल्याशिवाय करता येत नाही.

आणीबाणीचा फोन हा या प्रश्नाचा सर्वांत कठोर निकष होय. १ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल या गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या महिलेचा खून झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ हा क्रमांक चार वेळा फिरवला. पण बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हते. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. ते सांगितल्याप्रमाणे काम करीत होते. पुढे २०१८ मध्ये या महिलेच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून तेथील नव्या बहुलाइन यंत्रणांत आणीबाणीचा क्रमांक थेट लागणे बंधनकारक झाले.

ही घटना क्लाउडशी संबंधित नसली तरी पर्यायी व्यवस्थेच्या चिकित्सेत तिचे स्थान मोलाचे आहे. नेहमीच्या काळात क्रमांक लावण्याचे नियम केंद्रात लिहिलेले असतात. अडचणीच्या काळात ते राउटरमध्ये वेगळे लिहिलेले असतात. हे दोन नियमसंच एकच आहेत की नाहीत, हे तपासण्याची जबाबदारी स्पष्ट नसते. एरवी ११२ थेट लागत असेल आणि नेमक्या बिघाडाच्या दिवशी आधी शून्य लावावा लागत असेल, तर घाबरलेल्या माणसाला ते कोण सांगणार? शिवाय, क्लाउडवरून माहिती दिवसातून एकदा उतरत असेल तर सकाळी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचा क्रमांक दुपारच्या बिघाडात स्थानिक उपकरणाला माहीत नसण्याचा संभव राहतो. मागणीनुसार माहिती ताजी करता येते. पण तशी मागणी करायची असते, हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत असावे लागते.

‘मोबाइल आहेच’ या युक्तिवादाचा विचार

या साऱ्या विवेचनावर एक स्वाभाविक आक्षेप घेतला जाईल. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना शाखेच्या टेबलावरील फोनसाठी एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. बाहेर फोन करण्याच्या बाबतीत मोबाइल हा अनेक शाखांसाठी सर्वांत स्वस्त आणि सोपा पर्याय आहे, हे मान्य करावयास हवे. वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला एक कार्यालयीन मोबाइल कित्येक ठिकाणी महागड्या उपकरणाइतकेच काम करील.

तरीही या युक्तिवादात तीन उणिवा आहेत. एक, मोबाइल हा व्यक्तीचा असतो आणि कार्यालयाचा क्रमांक हा पदाचा. लोकांना शाखेचा क्रमांक ठाऊक असतो. त्या दिवशी कोणता लिपिक रजेवर आहे, हे ठाऊक नसते. दोन, कर्मचाऱ्याने एकदा अडचणीत स्वतःचा क्रमांक दिला की तो अडचणीपुरता राहत नाही. रात्री-अपरात्री येणारे फोन, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांना होणारा त्रास, हा संस्थेच्या बचतीचा न दिसणारा खर्च असतो. संस्थेने टाळलेला भार येथे व्यक्तीच्या खांद्यावर जातो. तीन, रॉजर्सच्या उदाहरणाने दाखवले त्याप्रमाणे मोबाइल आणि इंटरनेट यांचे मूळ एकच असू शकते. तेव्हा मोबाइल हा पर्यायी व्यवस्थेचा भाग जरूर असावा. ती व्यवस्था नसल्याची सबब मात्र असू नये.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. संगणकीय जाळ्यावरून दूरच्या शहरात नेलेला फोन तेथे सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यात उतरवून अधिकृत कंपनीचे शुल्क चुकवणे, म्हणजे टोल बायपास, येथील परवाना नियमांनी दीर्घकाळ निषिद्ध ठरवले. यामुळे परदेशी उत्पादकांना भारतीय ग्राहकांसाठी आपल्या यंत्रणांत खास विभाजनाची सोय करावी लागली. कार्यालयांची याविषयी तक्रार असे, कारण प्रत्येक शहरात स्वतंत्र लाइन घ्यावी लागे. मोठ्या शाखांत ती बहुधा पीआरआय स्वरूपाची, म्हणजे एका वेळी ३० संभाषणे वाहून नेणारी असे. परंतु या सक्तीचा एक अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक शाखेला आपला स्थानिक क्रमांक आणि बाहेर जाण्याची आपली वाट मिळाली. जोडणी तुटल्यावर तग धरण्यासाठी जे लागते, तेच नियमाने अन्य कारणासाठी शाखेत ठेवले होते.

नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवा पुरवठादारांसाठीचे नियम मोठ्या प्रमाणावर शिथिल झाले. हे पाऊल स्वागतार्हच होते. घरून काम करण्याच्या काळात ते आवश्यकही होते. परंतु दूरध्वनीचे केंद्रीकरण जसजसे सुलभ होते, तसतशी स्थानिक लाइन ही अडगळ वाटू लागण्याचा धोका निर्माण होतो. मासिक भाडे दिसते, उपयोग दिसत नाही; म्हणून ती परत केली जाते. पूर्वी नियमामुळे जे सांभाळले गेले, ते यापुढे विचारपूर्वक सांभाळावे लागेल. नियमाची जागा विवेकाने घेतली नाही तर शाखा पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होईल.

माणसाचे स्थान

येथे या चिकित्सेतील मध्यवर्ती मुद्द्याकडे यावे लागते. जुन्या ईपीएबीएक्सच्या काळात शाखेत एक ऑपरेटर असे. कोणती लाइन कोठून येते, कोणती पावसाळ्यात खरखर करते, साहेब नसल्यास फोन कोणाला द्यायचा, हे ज्ञान तिच्यापाशी असे. ते कोठेही लिहिलेले नसे. क्लाउड दूरध्वनीने ऑपरेटरचे पद अनावश्यक ठरवले आणि त्याबरोबर हे ज्ञानही शाखेतून गेले. पर्यायी उपकरणाने काही काळापुरती केंद्राची सत्ता शाखेत आणली. परंतु ती सत्ता चालवण्यासाठी लागणारे ज्ञान आणले नाही. उपकरण कोठे आहे, त्यावरील कोणता दिवा कोणत्या रंगाचा असावा, मदतीसाठी कोणाला फोन करायचा आणि तो फोन कोणत्या यंत्रावरून करायचा, हे शाखेत कोणालाच ठाऊक नसते.

यातून आणखी एक दोष उद्भवतो. जी व्यवस्था केवळ बिघाडातच वापरली जाते, ती वापराअभावी बिघडते. लाइनचे बिल थकते, क्रमांक बदलतात, उपकरणाची मुदत संपते, प्रमाणपत्र कालबाह्य होते. आणि हे सारे जोडणी तुटल्याच्या दिवशी उघडकीस येते. अग्निशमनाच्या नळकांड्याची दरवर्षी तपासणी होते आणि तिची तारीख त्यावर लिहिलेली असते. दूरध्वनीच्या पर्यायी व्यवस्थेला अशी तारीख नसते. कामकाज नसलेल्या एखाद्या दिवशी मुद्दाम इंटरनेटची तार काढून, कोणते फोन वाजतात, बाहेरून शाखेच्या क्रमांकावर फोन येतो की नाही, यूपीएस किती वेळ टिकते, हे पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास बहुतेक उणिवा आधीच कळतील. आणीबाणीच्या क्रमांकाची चाचणी मात्र संबंधित यंत्रणेला पूर्वसूचना देऊनच करावी. या परिपाठासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती शाखेतील एका व्यक्तीची नेमणूक, तिला दिलेले तोकडे प्रशिक्षण आणि गरज पडल्यास फोन स्थानिक व्यवस्थेवर नेण्याचा स्पष्ट अधिकार.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की क्लाउड दूरध्वनीतील पर्यायी व्यवस्था ही कल्पना म्हणून समर्थ आहे. केंद्रीकरणाचे लाभ न सोडता शाखेला अडचणीच्या काळात बोलते ठेवण्याचा तिचा प्रयत्न दाद देण्याजोगा आहे. परंतु बिघाड नेहमी स्वच्छ तुटीच्या स्वरूपात येतो, बाहेर जाणारा फोन टिकला की दूरध्वनी टिकला, दोन वाटा म्हणजे दोन मुळे, आणि किमान सेवा सर्वत्र सारखीच असते, ही तिची गृहीतके अनुभवाच्या कसोटीला उतरत नाहीत.

तग धरण्याचा खरा निकष किती यंत्रे चालू राहिली हा नाही. बाहेरच्या माणसाची हाक शाखेपर्यंत पोहोचली का, आतील संकटग्रस्ताची हाक बाहेर गेली का, आणि बिघाड ओळखून निर्णय घेणारे कोणी जागेवर होते का, हे तीन प्रश्न तो निकष ठरवतात. यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर बऱ्याच अंशी उपकरण देऊ शकते. तिसऱ्याचे देऊ शकत नाही. शाखेला उपकरण देणाऱ्या संस्थांनी त्यासोबत थोडा अधिकार आणि थोडे ज्ञानही द्यावे, एवढेच या चिकित्सेचे म्हणणे आहे. केंद्रावर विश्वास ठेवणे आणि केंद्र नसताना काय करायचे हे जाणणे, यांत विरोध नाही. दुसरे अंगी असेल तरच पहिले निर्धास्तपणे करता येते.